मुंजाबा तात्यांची तपासणी

मुंजाबा शिंगाडे गेले तेव्हा बजाजनगरच्या त्यांच्या गल्लीत निम्म्या लोकांना ते नक्की काय करत होते हेच माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं मिलिटरीत होते, कुणी म्हणायचं कंपनीतून रिटायर झालेत. समोरच्या आशाबाईंनी एकदा त्यांच्या पिशवीतून सांडलेले शिशाचे बारके दाणे उचलून दिले होते. तेव्हापासून त्या सगळ्यांना सांगायच्या की तात्या मासे धरायच्या जाळ्याला लावायचे मणी बनवतात. तात्यांच्या कानावर हे आलं होतं, पण त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. उलट एकदा आशाबाईंच्या जावयाला त्यांनी गोदावरीत कुठले मासे चांगले लागतात हे अर्धा तास समजावून सांगितलं.

खरी गोष्ट अशी होती की तात्या गंगापूर तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या घरात जन्मले, आयटीआयला फिटरचं काम शिकले आणि एका सरकारी दारूगोळा कारखान्यात लागले. तिथं पिस्तुलाच्या काडतुसांच्या विभागात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. त्या धंद्यातली माणसं त्यांचं नाव कानाला हात लावून घ्यायची. रिटायर झाल्यावर त्यांनी बजाजनगरला दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि घरात बसवेना म्हणून वाळूजला एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन नवीनच उद्योग मांडला. शहरातल्या शूटिंग रेंजवरची पोरं एअर पिस्तुलातून जे छर्रे मारायची ते सगळे परदेशातून यायचे. तात्यांनी ते छर्रे इथंच बनवायचं ठरवलं. आपल्या भागात असलं काम आधी कुणी केलेलं नव्हतं. पहिली दोन वर्षं लोक हसले. तिसऱ्या वर्षी रेंजवरच्या कोचनी स्वतः शेडवर येऊन डबे नेले, आणि मग नागपूर, पुणे, इंदूर इथूनही मागणी यायला लागली.

या उद्योगात त्यांच्या जोडीला होता अंगद. गंगापूरकडचाच, शेतकऱ्याच्या घरचा, वाळूजच्या एका कंपनीत साचे बनवायचं काम करत होता. तात्यांनी त्याला हेरला आणि नऊ वर्षांपूर्वी बरोबर घेतला. साचे अंगदनं बनवायचे, शिसं त्यानंच ओतायचं, प्रेस त्यानंच चालवायची. तात्या खुर्ची टाकून बसायचे आणि प्रेसच्या आवाजावरून सांगायचे की आता थांबव, साचा तापला.

फेब्रुवारीत एका सकाळी चहा झाल्यावर पेपर वाचता वाचता तात्या गेले. शहात्तर वर्षांचे होते. दुखलं-खुपलं काही नाही. शेवटपर्यंत दात शाबूत होते, हे त्यांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

तेरावा झाल्यावर अंगदनं शेड उघडलं. मागणी पडून होती. त्यानं आठ दिवसांत माल काढला, आपल्या नजरेनं तपासला, डबे भरले, वरती नेहमीचा कागद चिकटवला आणि रेंजवर पाठवून दिले. चौथ्या दिवशी तनुजाचा फोन आला.

तनुजा गुलमंडीतल्या एका कापड दुकानदाराची मुलगी, एकोणीस वर्षांची. तेराव्या वर्षापासून ती तात्यांच्या छर्ऱ्यांवरच शिकली होती. तीन आठवड्यांनी तिची राज्याची स्पर्धा होती. ती जरा चाचरत बोलली. म्हणाली, "अंगददादा, राग मानू नका. डब्यावर नाव तेच आहे, पण आतले छर्रे तात्यांचे नाहीत."

अंगदला राग आला नाही, घाम फुटला. तो लगेच रेंजवर गेला. तनुजानं त्याच्यासमोर दोन्ही डब्यांतले दहा-दहा छर्रे मारून दाखवले. तात्यांच्या जुन्या डब्यातले दहाही जणू एकाच भोकातून गेले होते. नव्या डब्यातले सहा ठीक, आणि चार कुठल्या कुठं, एक इकडं, एक तिकडं. कोच बाजूला उभे होते. तात्यांचं नाव मोठं आहे, पण पोरीची स्पर्धा तोंडावर आहे, असं ते हळूच म्हणाले. या महिन्यापुरते बाहेरचे डबे मागवावे लागतील.

पुढचे दहा दिवस अंगदनं डोकं आपटून घ्यायचं तेवढंच बाकी ठेवलं. साचे उतरवून पुन्हा घासले. नवं शिसं आणलं. एकेक छर्रा नाजूक काट्यावर तोलला, सगळ्यांचं वजन सारखं. भिंगाखाली धरला, तर डोळ्याला खोट दिसेना. तरी दहातले तीन-चार वाकडे जायचेच.

त्याला एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. रोज पाच वाजता दिवसभराचा माल तात्या आपल्या खाकी पिशवीत घालून घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन पिशव्या होऊन यायच्या, एक डब्यात भरायची आणि दुसरी परत वितळवायची. अंगदनं सुरुवातीला एकदा विचारलं होतं, तेव्हा तात्या म्हणाले होते की तपासणी घरीच बरी होते, इथं प्रेसचा धडधडाट असतो. अंगदची समजूत अशी झाली की तात्यांनी जुन्या अनुभवावरून घरी काहीतरी यंत्र बनवलेलं आहे आणि ते कुणाला दाखवायचं नाही. म्हाताऱ्या माणसाची एवढी एक मक्तेदारी राहू द्यावी म्हणून त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि आता आवडाबाईंपुढं जाऊन, काकू, तात्यांचं यंत्र कुठं आहे, असं विचारायची त्याला लाज वाटत होती. दीड महिनासुद्धा झाला नव्हता माणूस जाऊन.

तेवढ्यात रेंजवाल्यांनी तात्यांसाठी श्रद्धांजली सभा ठरवली. प्रमुख पाहुणे म्हणून तात्यांचे कारखान्यातले जुने साहेब शिवशंकर येणार होते. तेही आता ऐंशीच्या घरात, पण ताठ. आदल्या दिवशी दुपारीच ते आले आणि म्हणाले, आधी मला मुंजाबाचं शेड दाखवा.

शेडमध्ये साहेबांनी सगळं फिरून पाहिलं, तात्यांच्या खुर्चीपाशी थोडं थांबले, पण बसले मात्र दुसऱ्या स्टुलावर. मग चहा पिता पिता त्यांनी अंगदला एक हकिकत सांगितली. एका उन्हाळ्यात कारखान्यातली पिस्तुलाची काडतुसं फुसकी निघायला लागली. घोडा दाबला तरी शंभरात दोन-तीन उडायचीच नाहीत. पोलिसांच्या हातातलं पिस्तूल ऐनवेळी मुकं राहणं म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. वरून मोठमोठे तज्ज्ञ आले, त्यांनी दारूला दोष दिला. दारू बदलली, तरी तेच. मुंजाबा तेव्हा साधा फिटर होता. तो आठवडाभर सकाळची आणि दुपारची काडतुसं वेगवेगळ्या पेट्यांत ठेवत राहिला. आठव्या दिवशी साहेबांच्या टेबलावर दोन्ही पेट्या ठेवून म्हणाला, डोळे मिटा आणि बुडावरून अंगठा फिरवा.

"मला काही कळलं नाही," साहेब म्हणाले. "त्याला कळत होतं. काडतुसाच्या बुडाला जी बारकी टोपी बसवतात, ती दुपारच्या मालात केसभर आत गेलेली होती. दुपारी छपराचा पत्रा तापला की उष्णतेनं मशीनचा दट्ट्या केसभर वाढायचा, एवढंच. पण ते आठ तज्ज्ञांना दिसलं नाही, आणि याच्या अंगठ्याला लागलं."

त्यावर तात्यांनी एक साधं मापाचं हत्यार बनवलं. काडतूस त्यात घातलं की टोपी बरोबर बसली की नाही ते चुटकीसरशी कळायचं. कामगारांनी त्या हत्याराचं नावच मुंजाबा ठेवलं. पुढं नवी भरती झालेली पोरं एकमेकांना ओरडून सांगायची, अरे मुंजाबा लाव, मुंजाबा लाव. खुद्द मुंजाबा शेजारून चाललेला असायचा आणि मान वळवून बघायचा. हे सांगताना साहेबांना हसू आवरेना.

अंगदनं मग धीर करून त्यांना आपली अडचण सांगितली. साहेबांनी छर्रे हातात घेऊन पाहिले, अंगठा फिरवून पाहिला आणि मान हलवली. म्हणाले, माझा अंगठा तेव्हाही मठ्ठ होता. मग विचार करून बोलले की कुठंतरी असंच एखादं हत्यार असणार, मुंजाबा हत्याराशिवाय राहणारा माणूस नव्हता. तसंही मला वहिनींना भेटायचंय, चल.

दोघं बजाजनगरला पोचले तेव्हा आवडाबाई ओट्यावर बसून आशाबाईंबरोबर शेंगा फोडत होत्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, कपाळावर गोंदण. साहेबांना बघून त्या उठल्या आणि पदर सावरून आत घेऊन गेल्या. पाणी झालं, चहा झाला, साहेबांनी तात्यांच्या फोटोला हार घातला. मग अगदी जपून, शब्द तोलत, त्यांनी विचारलं की मुंजाबा छर्ऱ्यांची तपासणी घरात कुठं बसून करायचा.

आवडाबाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी अंगदकडं बघितलं. अंगद म्हणाला, "काकू, ते रोज पिशवी आणायचे ना घरी. ते निवडायचे कसे, तेवढंच पाहायचंय."

"ते कशाला निवडतील?" आवडाबाई म्हणाल्या. "ते टीव्ही बघायचे. निवडायचे मी."

साहेबांच्या हातातला कप बशीवर टेकायचा राहून गेला.

आवडाबाईंना वाटलं आपलं काही चुकलं. त्या घाईघाईनं सांगायला लागल्या. सुरुवातीला हेच बसायचे भिंग लावून. डोळे लाल व्हायचे, हाती काही लागायचं नाही, आणि मग जेवणात मीठ कमी आहे म्हणून चिडायचे. एकदा असाच डबा तात्यांच्या हातून टीपॉयवर उपडा झाला. टीपॉयचा एक पाय आखूड, त्यामुळं काच जराशी कललेली. सगळे दाणे गडगडत निघाले आणि त्या गोळा करायला खाली वाकल्या. तेव्हा त्यांना दिसलं की बरेचसे दाणे एकाच बाजूला वळत वळत एका जागी जमतात आणि काही मात्र मधूनच फाटा फोडून दुसरीकडं पळतात. त्यांनी ते पुन्हा वर ठेवून सोडले. जे पळायचे तेच पुन्हा पळाले.

"मी ह्यांना म्हणलं, हे इकडचे आन् हे तिकडचे येगळे हायेत. ते म्हणले, सगळे एकाच साच्यातले, येगळे कसे असतील? मी म्हणलं, एका आईची लेकरं तरी कुठं सारखी असतेत. दोन पुड्या बांधून दिल्या. दुसऱ्या दिवशी रेंजवरनं आले ते हसतच आले."

इकडचे सगळे निशाणावर एका जागी बसले होते आणि तिकडचे विखुरले होते.

साहेबांनी बघायचंय म्हटल्यावर आवडाबाईंनी टीपॉय ओढला. अंगदनं खिशातून छर्ऱ्यांची पुडी काढून दिली. छर्रा डमरूसारखा असतो, मध्ये बारीक, एक टोक भरीव आणि दुसरं पोकळ, त्यामुळं तो सरळ गडगडत नाही, कमान घेत जातो. चांगले छर्रे सगळे एकच कमान घेतात. ज्याचं पोकळ टोक केसभर वाकडं आहे त्याची कमान बदलते. अंगदला हे एका क्षणात समजलं आणि आपण दहा दिवस काट्यावर वजनं करत बसलो याची शरम वाटली. आवडाबाई डाव्या हातानं छर्रे सोडत होत्या आणि उजव्या हाताच्या बोटांनी बाजूला सारत होत्या, तांदळातले खडे काढावेत तशा. बघत होत्या की नाही तेही कळत नव्हतं, कारण त्या मध्येच आशाबाईंना शेंगांचं टोपलं झाकायला सांगत होत्या. शंभर दाणे निवडायला त्यांना चहा निवेल एवढाही वेळ लागला नाही.

ऐंशी वर्षांचे साहेब जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतः छर्रे सोडून पाहिले. त्यांनी निवडलेल्यांतले पाच आवडाबाईंनी परत काढून टाकले.

अंगदनं विचारलं, काकू, हे आधी का नाही सांगितलं? त्यांनी सरळ उत्तर दिलं. "मला इचारलं कुणी? मला वाटलं तुला ठावं हाय. आन् तेराव्यानंतर तू पिशवी आणली नाय, तर मी समजले आता दुसरं कायतरी यंत्र घेतलं आसंल."

मग त्या म्हणाल्या की ह्यांनी मात्र सांगितलं होतं. पाच वर्षांपूर्वी रेंजवाल्यांनी सत्कार केला होता, तेव्हा ते माईकवर म्हणाले होते की हे माझ्या एकट्याचं काम नाही, यात आमच्या घरातल्यांचा मोठा हात आहे. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढं बोलायचं होतं त्यांना, पण फोटोवाल्यानं शाल नीट धरायला सांगितली आणि ते राहूनच गेलं. घरी येताना रिक्षात चिडले होते. म्हणाले, लोक ऐकतच नाहीत, टाळ्याच वाजवतात. त्या सभेला अंगदही होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या होत्या आणि तात्यांचा विनय किती, असं शेजाऱ्याला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रेंजच्या शेजारच्या हॉलमध्ये सभेला दीडशे माणसं आली. पोलिसांतले, रिटायर कामगार, कोच, पोरं-पोरी. गल्लीतून आशाबाई वीस जणींना घेऊन आल्या होत्या. साहेबांनी दोन पानी भाषण लिहून आणलं होतं. ते त्यांनी खिशातच ठेवलं. टोपीची हकिकत सांगितली, मुंजाबा नावाच्या हत्याराची सांगितली, आणि मग काल टीपॉयवर जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. म्हणाले, मुंजाबा हे पाच वर्षांपूर्वी इथंच सांगून गेला होता, आपल्या टाळ्यांत ते बुडालं, तर आज कृपा करून आधी ऐका आणि मग टाळ्या वाजवा.

आवडाबाईंना वर बोलावलं. त्या आयुष्यात माईकपुढं उभ्या राहिल्या नव्हत्या. तनुजानं हात धरून नेलं आणि माईक खाली केला. मग त्यांनी हॉलवरून नजर फिरवली आणि घरातल्यासारखं बोलायला लागल्या.

"तुम्ही समदे म्हणता, लई अबोल माणूस, लई धाडसाचा. मला काय तसा ठावं नाय. घरात तर गप बसत नव्हते. काडतुसात जन्म गेला, पण ग्यासचा लायटर दाबायला भ्यायचे. टिक केलं की मागं सरायचे. चहा प्यायचा असला तर म्हणायचे, आवडे, तेवढं पेटवून दे."

पहिल्यांदा मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, मग पुढचे पोलीस हसले, मग सगळा हॉल. श्रद्धांजली सभेत हसावं की नाही म्हणून काही जण तोंडावर हात धरून बसले होते, पण आवडाबाई स्वतःच हसत होत्या म्हटल्यावर त्यांनीही हात काढले. तात्या गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की माणूस चांगला होता, दुसऱ्याचं त्याला देणारा होता, आणि एवढं बोलून खाली बसल्या. साहेबांनी शाल आणि नारळ त्यांच्या हातात दिला. फोटोवाला पुढं आला तेव्हा कोचनी त्याला जरा थांबायला सांगितलं आणि आधी विचारलं, काकू, अजून काही बोलायचंय का? त्या म्हणाल्या, नाय, आता चहा द्या लोकांना.

बाहेर येताना आशाबाई अंगदला बाजूला घेऊन म्हणाल्या, म्हणजे ते मासे धरायचं नव्हतं का?

सोमवारपासून अंगद रोज अकराला बजाजनगरहून आवडाबाईंना मोटारसायकलवर शेडला आणायचा. त्यानं नवीन जाड काच आणली, तिला लाकडी चौकट केली आणि हवा तेवढा कल देता येईल असा स्क्रू बसवला. आवडाबाईंनी दोन दिवस ती वापरून पाहिली आणि मग घरचा टीपॉयच मागवून घेतला. स्क्रूच्या चौकटीवर आशाबाईंना बसवलं. आशाबाईंचा हात सुरुवातीला फार उदार होता, सगळेच चांगले म्हणायच्या, पण आठवड्याभरात त्यांचीही नजर बसली. दोघी दुपारभर निवडायच्या आणि गल्लीतल्या लग्नांचा, भांडणांचा असा काही समाचार घ्यायच्या की अंगदनं प्रेसला तेल घालून तिचा आवाज कमी केला, ऐकू यावं म्हणून.

तनुजाच्या स्पर्धेसाठी आवडाबाईंनी पाच डबे वेगळे निवडले. एकेक दाणा दोनदा सोडून. ते डबे त्यांनी स्वतः तिच्या हातात दिले आणि सांगितलं की उन्हात ठेवू नको.

स्पर्धा पुण्याला होती. दुपारी तीनला फोन आला तेव्हा अंगदनं तो स्पीकरवर टाकला. तनुजा चौथी आली होती. तिसरी आलेली मुलगी अर्ध्या गुणानं पुढं गेली. आवाजात थोडं रडू होतं, पण फार नाही. ती म्हणाली, छर्रे एकदम सरळ गेले अंगददादा, त्यांचा काही दोष नाही, शेवटच्या दोन फेऱ्यांना माझाच हात हलला. काकूंना सांगा.

आवडाबाई ऐकतच होत्या. त्यांनी काचेवरची बोटं थांबवली नाहीत.

"तिला म्हणावं, हाताला मी काय करू बाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या टायमाला हात तू सांभाळ. छर्रे मी देते."